‘चेंजेस’ वाचून संपल्यानंतर: ‘द ड्रेस्डेन फाइल्स’च्या बाराव्या कादंबरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोत राहणारा, व्यवसायाने खासगी गुप्तहेर आणि जन्माने जादूगार असलेला हॅरी ड्रेस्डेन हा जिम बुचर यांच्या ‘द ड्रेस्डेन फाइल्स’ या अर्बन फँटसी (आधुनिक शहरात घडणाऱ्या जादूकथांच्या) मालिकेचा नायक आहे आणि निवेदकही. २००० साली आलेल्या ‘स्टॉर्म फ्रंट’पासून २०२० सालच्या ‘बॅटल ग्राउंड’पर्यंत या मालिकेच्या सतरा कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी बारावी, म्हणजे एप्रिल २०१० मध्ये आलेली ‘चेंजेस’, मालिकेचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे सरळ दोन भाग पाडते. हे पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात जे प्रश्न घोळत राहतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती अर्थातच एका वाचकाची उत्तरे आहेत. परंतु पुस्तकात जे लिहिलेले आहे, त्याला धरूनच ती देण्याचा प्रयत्न केला आहे.

ही उत्तरे वाचण्यापूर्वी किती पुस्तके वाचून झालेली असावीत?

पहिली बारा. ‘चेंजेस’मधील सर्व घटनांची, शेवटासह, येथे उघड चर्चा आहे. तेराव्या ‘घोस्ट स्टोरी’तील रहस्ये मात्र राखून ठेवली आहेत आणि त्यापुढील पुस्तकांचा उल्लेख वाचनाचा क्रम सांगण्यापुरताच केला आहे. ज्यांचे बारावे पुस्तक अजून व्हायचे आहे, त्यांनी कृपया येथेच थांबावे. या पुस्तकाचा पहिला धक्का त्याच्या अगदी पहिल्या वाक्यात आहे आणि तो आयता कळावा इतका किरकोळ नाही.

आधीच्या अकरा पुस्तकांतही युद्धे आणि मृत्यू आहेत. मग याच पुस्तकाला मालिकेचे वळण का मानले जाते?

आधीच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी हॅरीला परत जायला जागा होती, हे याचे पहिले कारण. तळघरातील ते अंधारे बिऱ्हाड, तिथे ऐसपैस पसरलेला मिस्टर हा बोका, माउस हा अवाढव्य कुत्रा, प्रयोगशाळेच्या फळीवरील कवटीत मुक्कामाला असलेला बॉब, दारावर जादूगार असल्याची पाटी मिरवणारे कार्यालय, आणि जादूगाराच्या सान्निध्यात आधुनिक यंत्रे बिघडतात म्हणून जपलेली जुनीपुराणी फोक्सवॅगन बीटल: दहा वर्षे वाचक दर पुस्तकागणिक याच ठिकाणी परतत होता. हॅरीच्या हाडांचा चुरा झाला, हात होरपळला, मित्र दुरावले, तरी घर होते. ‘चेंजेस’मध्ये कार्यालयाची इमारत स्फोटात उडते, गाडी कायमची जाते, घर जळून खाक होते आणि शेवटच्या पानावर स्वतः हॅरी कोसळतो. मालिकेची प्रत्येक कथा जिथून सुरू व्हायची आणि जिथे संपायची, ती जागाच नाहीशी होते.

दुसरे कारण युद्धाचे आहे. २००१ सालच्या ‘ग्रेव्ह पेरिल’मध्ये आपली प्रेयसी सुसान रॉड्रिग्ज हिला वाचवण्यासाठी हॅरीने जे केले, त्यातून रेड कोर्ट या व्हॅम्पायरांच्या दरबाराशी जादूगारांचे युद्ध पेटले आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर त्याची सावली पडत राहिली. ते युद्ध येथे एका रात्रीत संपते, आणि तेही त्याच सुसानच्या मृत्यूने. ज्या स्त्रीला वाचवताना युद्ध सुरू झाले, तिला मारून ते संपावे, ही रचना नऊ पुस्तकांच्या अंतराने पूर्ण होते. लेखकाने ती केव्हापासून मनात धरली होती, याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ती किती निर्दयपणे चोख आहे, एवढे पाहावे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तोवर हॅरीला अनेकांनी सामर्थ्य देऊ केले होते आणि त्याने प्रत्येक वेळी नकार दिला होता. तो नकार हीच त्याची ओळख होती. या पुस्तकात तो पहिल्यांदा होकार देतो. घर जळाल्याचे दुःख डोळ्यांना दिसते, म्हणून वाचक प्रथम त्याबद्दल बोलतो. पण मालिका खरोखर वळते ती या होकारापाशी.

एक छोटीशी खूणही नोंदवावीशी वाटते. मालिकेतील बाकी सर्व कादंबऱ्यांची नावे दोन शब्दांची आहेत. एका शब्दाचे नाव फक्त याच कादंबरीला आहे.

एकाच पुस्तकात इतके सगळे उद्ध्वस्त करणे हा अतिरेक नव्हे काय?

घटनांची नुसती यादी वाचली तर तसे वाटू शकते. परंतु प्रत्येक हानीमागे कोणाचा तरी हेतू आहे आणि प्रत्येक हानीनंतर हॅरीपुढचा एक मार्ग बंद होतो, हे लक्षात घेतले की त्यामागील बांधणी दिसू लागते. कार्यालयाची इमारत रेड कोर्टच्याच मालकीची निघते, म्हणजे शत्रूने हा सापळा फार आधी रचलेला आहे. घर पेटवले जाते तेव्हा हॅरी स्वतः पळून जाण्याऐवजी वरच्या मजल्यावरील वृद्ध शेजाऱ्यांना बाहेर काढतो आणि त्याच प्रयत्नात शिडीवरून पडून त्याचा कणा मोडतो. त्याचा घात दुष्टपणाने होत नाही, शेजारधर्माने होतो. साधने, निवारा आणि शरीर ही तिन्ही हातची गेल्यावरच तो मॅबला, म्हणजे विंटर दरबाराच्या परीराणीला, हाक मारतो. घर शाबूत असते, तर या नायकाने आणखी एखादी युक्ती शोधली असती आणि वाचकाचाही त्याच्या होकारावर विश्वास बसला नसता.

एफबीआयच्या कार्यालयावरील हल्ल्याचा भाग मात्र मला गरजेपेक्षा लांबलेला वाटतो. त्यात वेग आहे, पण कथेचा मुख्य ताण तिथे थोडा सैलावतो.

सुसानने मुलीचे अस्तित्वच हॅरीपासून लपवले. तिला माफ करायचे कसे?

सुसानची बाजू पुस्तकात स्पष्टपणे मांडलेली आहे. ती स्वतः अर्धवट व्हॅम्पायर झालेली, हॅरी युद्धात अडकलेला आणि दोघांच्याही मागे तेच शत्रू लागलेले; अशा वेळी मॅगी कोणाची मुलगी आहे हे जितक्या कमी लोकांना ठाऊक, तितकी ती सुरक्षित, असा तिचा हिशेब होता. हा हिशेब वेडगळ नव्हता. शिवाय ज्या दिवशी हे गुपित शत्रूपर्यंत पोहोचले, त्या दिवशी नेमके तेच घडले ज्याची तिला भीती होती: रेड कोर्टने मॅगीला पळवले.

पण हॅरीची जखमही तितकीच खरी आहे. त्याची आई त्याला जन्म देताना गेली आणि वडील तो लहान असतानाच वारले. आपल्या मुलाला असे वाढावे लागू नये, ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत खोल इच्छा होती आणि सुसानच्या निर्णयाने नेमकी तीच हिरावून घेतली. म्हणून पुस्तकातील दोघांचे संवाद वाचताना एकाची बाजू घेण्याची घाई करू नये. बुचर यांनी तिला खलनायिका केले नाही आणि त्याला संत केले नाही. मुलगी सापडेपर्यंत भांडण बाजूला ठेवण्याइतके शहाणपण दोघांकडे आहे, आणि ते भांडण पुढे कधी पूर्ण होतच नाही. माफीचा प्रश्न अनुत्तरित राहतो, कारण माफी मागायला आणि द्यायला दोघांना वेळच मिळत नाही.

मॅबशी करार करण्याखेरीज हॅरीपुढे खरोखरच दुसरा मार्ग नव्हता का?

मार्ग होते, ते अधिक वाईट होते. कमरेखाली लुळा पडलेला हॅरी सामर्थ्याच्या उगमांचा विचार करतो तेव्हा त्याच्यापुढे मॅबखेरीज मृतात्म्यांना गिळून देवत्वाजवळ नेणारा निषिद्ध विधी आहे आणि पतित देवदूताचे नाणे आहे. या दोन्हींशी त्याची ओळख आधीच्या पुस्तकांत झालेली आहे, त्यामुळे ते पर्याय कथेच्या सोयीसाठी अचानक उगवलेले नाहीत. विंटर नाइट, म्हणजे मॅबचा सरदार, होण्याचा प्रस्तावही जुनाच आहे. २००२ सालच्या ‘समर नाइट’च्या शेवटी मॅबने तो मांडला होता आणि हॅरीने तो धुडकावला होता. म्हणजे या होकाराची तयारी लेखकाने आठ वर्षे आधी करून ठेवली होती.

व्हाइट कौन्सिल या जादूगारांच्या परिषदेची मदत का नाही, असाही प्रश्न येतो. त्याचे उत्तर कौन्सिलच्या मुख्यालयातील, एडिनबरोच्या प्रसंगात आहे. जिने मुलीला पळवले, ती रेड कोर्टची अ‍ॅरियाना तिथे तहाची दूत म्हणून सन्मानाने बसलेली हॅरी पाहतो आणि थकलेल्या कौन्सिलला एका मुलीपेक्षा तह प्रिय आहे, हे त्याला कळून चुकते. त्याचे गुरू एबेनेझर मॅकॉय अखेर साथीदारांसह चिचेन इत्झा येथे, मेक्सिकोतील ज्या प्राचीन माया अवशेषांत अंतिम लढाई होते तिथे, पोहोचतात. परंतु ते येतील याची खात्री हॅरीला करार करताना नव्हती. मदत वाटेवर असताना माणसाने मदतीची आशा सोडून स्वतःला गहाण टाकावे, यातील वेदना दुसऱ्या वाचनात अधिक जाणवते.

या प्रसंगाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. हॅरी फसत नाही. मॅब कोण आहे, तिच्या सेवेत माणसाचे काय होते, हे त्याला पक्के ठाऊक आहे, कारण आधीचा विंटर नाइट लॉइड स्लेट याची तिने केलेली दशा त्याने पाहिलेली आहे. त्या छळाने मोडून गेलेल्या, प्रतिकार करू न शकणाऱ्या स्लेटला पाषाणवेदीवर ठार करणे, ही पदग्रहणाची अट आहे आणि हॅरी ती पूर्ण करतो. मुलीसाठी जग जळाले तरी चालेल, असे तो म्हणतो, तेव्हा ते एका बापाचे संतप्त उद्गार वाटतात. पाषाणवेदीपाशी कळते की तो शब्दशः बोलत होता.

चिचेन इत्झाच्या वेदीवर हॅरीने सुसानला मारणे समर्थनीय आहे का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याला हो किंवा नाही असे उत्तर देणे पुस्तकावर अन्याय करणारे ठरेल. आधी काय घडते ते नीट मांडले पाहिजे.

रेड कोर्टने मॅगीला पळवले ते रक्तरेषेच्या शापासाठी. ज्याचा बळी दिला जाईल त्याच्यापासून वरच्या दिशेने, आईवडील, आजीआजोबा असा सारा वंश संपवणारा हा शाप आहे. हॅरीच्या आईचे वडील खुद्द एबेनेझर मॅकॉय आहेत, हे याच पुस्तकात उघड होते. मॅकॉयनी अ‍ॅरियानाचा नवरा ड्यूक ऑर्तेगा याला मारले होते, आणि त्या सूडासाठी एका लहान मुलीच्या मृत्यूतून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा बेत होता. शापाची ही दिशा उलटवता येते. व्हॅम्पायरांमध्ये सर्वांत नव्याने जन्मलेल्याचा बळी पडला, तर तोच शाप त्याच्या निर्मात्याकडे, निर्मात्याच्या निर्मात्याकडे असा चढत जाऊन संपूर्ण रेड कोर्ट नष्ट करील. सुसानचा सहकारी मार्टिन यानेच मॅगीचे गुपित शत्रूला दिले, हे कळताच सुसानचा संयम सुटतो, ती त्याचे रक्त पिऊन त्याला मारते आणि त्या क्षणी ती पूर्ण व्हॅम्पायर, म्हणजे सर्वांत नवी व्हॅम्पायर होते. उरलेले काम हॅरीच्या हातातील सुरीचे.

समर्थनाच्या बाजूने असे म्हणता येते की माणूस म्हणून सुसान त्या क्षणी हातातून निसटलीच होती. तिच्यात उरलेला जो अंश मुलीला ओळखत होता, त्या अंशाने हे मरण स्वीकारले. आणि त्यामुळे मॅगी वाचली, मॅकॉय वाचले, शतकानुशतके माणसांना भक्ष्य करणारी एक सत्ता संपली. विरुद्ध बाजूने असे म्हणता येते की हॅरीला मार्टिनचा डाव उमगला होता, आणि सुसानला सावरण्याऐवजी त्याने त्या डावाला पूर्णत्वास जाऊ दिले. किंबहुना त्याच्याच बोलण्याने तिचा तोल जातो. वाचकाला सर्वांत जास्त टोचते ते बहुधा हेच. सुरीचा घाव हा एका क्षणाचा नाइलाज म्हणून मान्य करता येतो, पण त्याआधीचे शब्द विसरता येत नाहीत.

त्यात आणखी एक दुःखद गोष्ट दडलेली आहे. शाप पसरतो तेव्हा अर्धवट व्हॅम्पायर झालेल्या लोकांमधील पशू नाहीसा होतो आणि ते पुन्हा माणूस होतात. म्हणजे बळी दुसरा कोणी असता, तर सुसान बरी होऊन मुलीसोबत घरी गेली असती. ‘ग्रेव्ह पेरिल’पासून हॅरी ज्या उपायाच्या शोधात होता तो अखेर सापडला, आणि तो वापरण्याची किंमत तीच होती जिच्यासाठी तो शोधला होता.

माझे मत विचाराल तर हॅरीचे कृत्य समजण्याजोगे आहे, आणि लेखकाने त्याला निर्दोष ठरवले नाही, हे पुस्तकाचे मोठेपण आहे. स्वतः हॅरी त्या कृत्याचे समर्थन करत नाही. आपण काय साधले आणि काय केले, हे दोन्ही तो एका श्वासात सांगतो आणि क्षमा मागतो. ज्या नायकाला आपल्या निर्णयाचे ओझे वाटते, त्याच्या वतीने वकिली करण्याची वाचकाला गरज नाही.

मार्टिनला दगाबाज म्हणावे की हुतात्मा?

दोन्ही शब्द त्याला अपुरे पडतात. त्याने आपल्या सहकाऱ्यांना विकले, एका मुलीला मरणाच्या दारात नेले, आणि हे सर्व रेड कोर्टचा समूळ नाश करण्याच्या दीर्घ योजनेसाठी केले. स्वतःचा मृत्यू त्याने त्या योजनेत आधीच धरलेला होता. परंतु स्वतःचा प्राण द्यायला तयार असलेल्या माणसाला दुसऱ्याचे मूल पणाला लावण्याचा अधिकार मिळत नाही, म्हणून माझ्या लेखी तो हुतात्मा ठरत नाही.

शत्रूचा संपूर्ण नाश होऊनही हा विजय विजयासारखा का वाटत नाही?

कारण वाचक ज्या माणसाच्या डोळ्यांनी तो पाहतो, त्याला त्यात आनंद दिसत नाही. ज्या मुलीसाठी सर्व काही केले, तिच्यापासूनही हॅरी दूर होतो. मॅबच्या सेवकाच्या घरात ती सुरक्षित राहणार नाही, हे ओळखून तो तिला सुरक्षित ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी फादर फॉर्थिल या ओळखीच्या धर्मगुरूंवर सोपवतो. सुसानने एकेकाळी जे केले आणि ज्यासाठी हॅरी तिच्यावर संतापला होता, तेच अखेर त्याला करावे लागते. पुस्तकाने सुसानला दिलेला हा सर्वांत मोठा न्याय आहे, आणि तो एकाही संवादाविना दिलेला आहे.

राजकीय कारणही आहे. रेड कोर्टची सत्ता मध्य आणि दक्षिण अमेरिकेत खोलवर रुजलेली होती. अशी सत्ता एका रात्रीत नाहीशी झाली की तिची जागा रिकामी राहत नाही. ती कोण बळकावते, हा पुढच्या पुस्तकांचा विषय आहे.

हॅरीवर गोळी कोणी झाडली?

याचे उत्तर ‘घोस्ट स्टोरी’त आहे आणि ते तिथेच वाचावे. एवढेच सांगता येईल की ते उत्तर बाहेरून आणून चिकटवलेले नाही. ‘चेंजेस’मध्येच त्याच्या खुणा आहेत आणि उत्तर कळल्यावर या पुस्तकातील काही साधी वाटलेली पाने पुन्हा उघडावी लागतात. तर्क करायचाच असेल, तर गोळीचा फायदा कोणाला होतो, यापेक्षा हॅरी त्या दिवसांत कोणत्या मनःस्थितीत होता, इकडे लक्ष द्यावे.

गोळी कधी लागते, हेही तितकेच बोचरे आहे. आपला सावत्र भाऊ थॉमस याच्या ‘वॉटर बीटल’ या बोटीवर हॅरी आपली पोलीस मैत्रीण कॅरिन मर्फी हिची वाट पाहत असतो. इतकी वर्षे मित्र राहिलेले हे दोघे प्रथमच एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहण्याचे धाडस करणार असतात. मर्फीची पोलिसातील कारकीर्द याच काळात बुडत आहे आणि चिचेन इत्झाच्या रणात तिने पवित्र तलवार हाती धरलेली आहे. तिच्याही आयुष्याचे हे वळणच होते. तिला बोटीवर पोहोचू दिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न अनेकांना मुख्य रहस्यापेक्षा जास्त छळतो.

निवेदकच मेला, तर ही कथा पुढे सांगणार कोण?

प्रथमपुरुषी निवेदनात वाचक एक गोष्ट गृहीत धरून चालतो: जो सांगतो आहे तो यातून जिवंत बाहेर पडलेला आहे. बुचर यांनी अकरा पुस्तके हे गृहीतक जपले आणि बाराव्याच्या शेवटी ते मोडले. त्यामुळे शेवटचे पान केवळ कथेतील धक्का राहत नाही. या मालिकेचे कथन ज्या पायावर उभे होते, त्यालाच तो हादरा देतो. ‘घोस्ट स्टोरी’ हे तेराव्या पुस्तकाचे नाव उत्तराची दिशा दाखवते, आणि निवेदक हॅरीच राहतो, एवढे सांगितल्याने काही बिघडत नाही.

काल्पनिक पात्रासाठी इतके वाईट वाटणे, लेखकावर राग येणे, हे योग्य आहे का?

योग्य आहे, आणि नवीनही नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला रायकेनबाखच्या धबधब्यात लोटले, तेव्हा वाचकांनी उघड संताप व्यक्त केला होता आणि होम्स मेला नव्हता, हे सांगणारी कथा यायला १९०३ साल उजाडले. मालिका वाचणारा माणूस पात्रांसोबत वर्षे काढतो. हॅरीला ‘स्टॉर्म फ्रंट’पासून ओळखणाऱ्या वाचकाने ‘चेंजेस’ हाती घेतले, तेव्हा त्या ओळखीला दहा वर्षे झाली होती. इतक्या सहवासानंतर काहीच वाटले नाही, तर मालिकाच अपयशी ठरली असे म्हणावे लागेल.

रागाची मात्र थोडी छाननी करावी. लेखकाने फसवले, या भावनेतून येणारा राग आणि लेखकाने खरे सांगितले, ते सहन होत नाही म्हणून येणारा राग, हे दोन निराळे आहेत. पात्राने स्वभावाविरुद्ध वागून कथेची सोय केली असेल, तर पहिल्या प्रकारचा राग रास्त ठरतो. ‘चेंजेस’मध्ये तसे मला कुठे आढळत नाही. हॅरी जसा आहे तसाच वागतो, आणि नेमके तेच असह्य होते.

पुढचे पुस्तक लगेच घ्यावे की थोडे थांबावे?

२०१० साली हा प्रश्नच नव्हता. ‘घोस्ट स्टोरी’ जुलै २०११ मध्ये आली, त्यामुळे पहिल्या वाचकांना सव्वा वर्ष त्या शेवटच्या पानासह राहावे लागले. आज सर्व पुस्तके हाताशी असल्याने तो अवकाश स्वतःहून निर्माण करावा लागतो, आणि तो करावा, असे मला मनापासून वाटते. किती थांबावे याचा नियम नाही. निदान ‘चेंजेस’मधील शेवटची काही प्रकरणे पुन्हा एकदा सावकाश वाचून मगच पुढे जावे, कारण पहिल्या वाचनात ती वेगामुळे निसटतात.

त्यानंतर थेट ‘घोस्ट स्टोरी’ न उघडता ‘साइड जॉब्ज’ या २०१० सालच्या कथासंग्रहातील ‘आफ्टरमॅथ’ ही कथा वाचावी. ती ‘चेंजेस’ संपते तिथेच सुरू होते आणि मर्फी ती सांगते. हॅरी नसलेले शिकागो कसे दिसते, हे त्याला जवळून ओळखणाऱ्या, पण त्याच्याइतकी जादू न जाणणाऱ्या व्यक्तीच्या तोंडून ऐकणे ही या टप्प्यावर फार मोलाची गोष्ट आहे. अनेक वाचक ही कथा वगळतात आणि माझ्या मते त्यामुळे पुढच्या पुस्तकातील मर्फी त्यांना नीट समजत नाही.

‘घोस्ट स्टोरी’ संथ आहे, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

तिची गती निराळी आहे. ‘चेंजेस’ काही दिवसांत घडते आणि श्वास घ्यायला उसंत देत नाही. ‘घोस्ट स्टोरी’ मागे वळून पाहते. हॅरीच्या निर्णयांनी इतरांचे, विशेषतः त्याची शिष्या मॉली हिचे, काय झाले, याचा हिशेब मांडते. आधीच्या पुस्तकांप्रमाणे हे प्रकरण कसे सुटते, एवढ्याच अपेक्षेने ती वाचली तर निराशा होईल. परिणामांचे पुस्तक म्हणून वाचली, तर बाराव्या पुस्तकाचा अर्धा अर्थ तिच्यातच सापडतो.

ऑडिओबुक ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. मालिकेचे वाचन जेम्स मार्स्टर्स यांच्या आवाजात आहे, परंतु ‘घोस्ट स्टोरी’ प्रथम जॉन ग्लोव्हर यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली होती आणि त्या नेमक्या टप्प्यावर आवाज बदलल्याने अनेक श्रोते हळहळले होते. मार्स्टर्स यांनी ती पुढे पुन्हा ध्वनिमुद्रित केली, तेव्हा आवृत्ती घेताना वाचन कोणाच्या आवाजात आहे ते पाहून घ्यावे.

मॅगी पुन्हा कधी भेटते?

तिची आणि वाचकाची खरी भेट होण्यासाठी २०१४ सालच्या ‘स्किन गेम’पर्यंत, म्हणजे पंधराव्या पुस्तकापर्यंत थांबावे लागते. या दिरंगाईचा काहींना राग येतो. मला ती आवश्यक वाटते, कारण मुलीपुढे उभे राहण्याआधी तिच्या आईचे काय झाले, याला बापाला सामोरे जावे लागणारच होते.

मालिका येथेच सोडून दिली तर चालेल का?

चालेल. काही वाचक हे पुस्तक हाच शेवट मानतात, आणि युद्धाचा निकाल, सुसानची कथा, हॅरीचा पाण्यात बुडणारा देह हे सारे पाहता ती भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु हॅरीने मॅबला दिलेला शब्द येथे नुसता उच्चारला गेला आहे, तो पाळावा लागणे अजून सुरूही झालेले नाही. २०१२ सालच्या ‘कोल्ड डेज’मध्ये त्या शब्दाची खरी किंमत समोर येते. ज्यांना वेदीवरचा प्रसंग सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, त्यांनी ‘घोस्ट स्टोरी’च्या शेवटापर्यंत तरी यावे, ज्यांना पाषाणवेदीवरचा, त्यांनी ‘कोल्ड डेज’पर्यंत.

ओळखीची एखादी व्यक्ती सध्या सातव्या-आठव्या पुस्तकावर आहे. तिला काय सांगावे?

बाराव्या पुस्तकात काहीतरी भयंकर घडते, हेसुद्धा सांगू नये. तशी पूर्वसूचना मिळालेला वाचक मधल्या पुस्तकांतील घराकडे, गाडीकडे, सुसानच्या उल्लेखांकडे संशयाने पाहू लागतो आणि तिथला निवांतपणा गमावतो. फार तर एवढे सुचवावे की २००३ सालचे ‘डेथ मास्क्स’ हे पाचवे पुस्तक घाईने संपवू नये, त्यातील सुसान आणि हॅरीची भेट लक्षात ठेवावी, आणि कथासंग्रह प्रसिद्धीच्या क्रमाने कादंबऱ्यांच्या मधे वाचावेत. बाकी बोलणे तिचे बारावे पुस्तक संपल्यावर होईलच.